मेंटॉरिंगसाठीचा अनुदान अर्ज दर वर्षी परत येतो? आधी खर्चाचा तक्ता उघडा

फेब्रुवारी उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. गोव्याच्या कानाकोपऱ्यातून: डिचोलीहून, काणकोणहून, परवा तर मोल्याहून. पलीकडे कुठल्यातरी लहान संस्थेचे सेक्रेटरी असतात, नाहीतर नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका. गाऱ्हाणं एकच. शाळा सुटायच्या बेतात असलेली मुलं हेरायची, प्रत्येकाला एक ताई किंवा दादा जोडून द्यायचा, आठवड्यातून एकदा भेट, थोडा अभ्यास, पुष्कळ गप्पा, महिन्यातून एकदा घरी फेरी. मेंटॉरिंगचं हे काम मनापासून चाललेलं असतं. पण त्यासाठी अनुदान मागितलं की अर्ज परत. पुढच्या वर्षी पुन्हा परत. उत्तरही ठरलेलं: "उपक्रम स्तुत्य आहे, पण यंदा जमणार नाही."

आमच्या संस्थेचा अर्जही असाच तीनदा परत आला. मी खजिनदार, त्यामुळे तिन्ही वेळा खर्चाचा तक्ता माझ्याच हातचा होता. चौथ्या वर्षी तो मंजूर झाला, तेव्हा मजकुरात आम्ही फारसं काही बदललं नव्हतं. बदलला होता तो तक्ता. त्यानंतर इतर संस्थांचे बरेच अर्ज नजरेखालून गेले आणि माझी खात्री पटत गेली. आपण समजतो की इंग्रजी कमी पडलं, ओळख कमी पडली, आमदारांचं पत्र जोडलं असतं तर झालं असतं. बहुतेक वेळा यातलं काही नसतं. ज्या माणसाच्या जिवावर उपक्रम उभा राहणार, तो माणूसच अर्जात नसतो.

अर्ज कुठे अडला ते आधी ओळखा

आठ-दहा दिवसांत परत आला असेल तर तो कोणी वाचलेलाच नाही, कागद कमी पडले एवढंच. महिना-दोन महिन्यांनी गोड शब्दांत नकार आला असेल तर वाचला आहे आणि पटलेला नाही. पैसे मंजूर झाले, पहिला हप्ता आला आणि दुसरा अडला, तर दोष हिशेबात आहे. तिन्हींवर वेगवेगळा उपाय. पहिल्या दोषासाठी मजकूर पुन्हा लिहीत बसण्यात वर्ष जातं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

कागदांचं पटकन सांगते. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो पैसा घ्यायचा तर संस्थेची आयकर सवलतीसाठीची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, अशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांकही लागतो. सरकारी योजनांसाठी नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवरचा क्रमांक काढून ठेवा. १२ए आणि ८०जी आता कायमच्या नसतात. ज्या जुन्या संस्थांनी २०२१ मध्ये नव्याने नोंदणी केली, त्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली होती. आपल्या आदेशावरची तारीख आजच काढून बघा. महाराष्ट्रातून फिरत येणाऱ्या याद्यांमध्ये धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र मागितलेलं असतं. त्यामुळे आपल्याकडची माणसं उगाच धास्तावतात. गोव्यात आपल्यासारख्या बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात, तेच प्रमाणपत्र जोडायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर, पॅन कार्डावर आणि बँक पासबुकावर अक्षर न् अक्षर एकच आहे का, हे भिंग लावून बघा. आमच्या नावातला "मंडळ" हा शब्द इंग्रजीत तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता. पहिल्या वर्षी अर्ज परत आला तो तेवढ्यावरच, आणि आम्ही मात्र वर्षभर उपक्रमाचं वर्णन सुधारत बसलो.

तक्त्यातून हरवलेला माणूस

आता मूळ दुखणं. आमचा नामंजूर झालेला तक्ता माझ्याकडे अजून आहे. एकूण मागणी ४ लाख. दप्तरं, वह्या आणि शैक्षणिक साहित्य १,८०,०००. प्रोजेक्टर ६०,०००. उद्घाटन आणि समारोप ४५,०००. तज्ज्ञांचं मानधन ७५,०००. इतर खर्च ४०,०००.

हा तक्ता घेऊन मजकूर वाचा. मजकुरात लिहिलंय की दर आठवड्याला मूल आणि ताई भेटतील, कुणीतरी त्या भेटी जुळवेल, मूल आलं नाही तर घरी जाईल, ताई खचली तर तिच्याशी बोलेल, शाळेच्या मुख्याध्यापकांना दर महिन्याला भेटेल. हे सगळं करणारी व्यक्ती कोण? तिचा पगार कुठे आहे? तो होता, पण आम्ही तो "तज्ज्ञांचं मानधन" या शब्दांखाली झाकून ठेवला होता. पगार मागितला तर देणारे नाराज होतात, वस्तू मागितल्या तर खूश होतात, असं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं आणि आम्ही ते मानलं होतं.

अर्ज वाचणारी माणसं रोज असे अर्ज वाचतात. मजकूर नात्याबद्दल बोलतो आणि तक्ता दप्तरांबद्दल, हे त्यांना पहिल्या मिनिटात दिसतं. मग त्यांच्या मनात दोनच शंका येतात: या संस्थेला हे काम कसं चालतं ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ती सांगत नाही. दोन्ही शंकांचं उत्तर नकारच असतं.

"सीएसआरमध्ये पगारावर पाच टक्क्यांच्या वर खर्च चालत नाही," हे वाक्य गोवाभर फिरतं. मी स्वतः एका बैठकीत ते ठासून सांगितलं होतं आणि ते चुकीचं आहे. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर. एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्याच्यावर देखरेख ठेवणं, त्याचं मूल्यमापन करणं यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून बाहेर ठेवलेला आहे. तुमची समन्वयक गावोगाव फिरून मुलं आणि ताई-दादा सांभाळते, तो प्रकल्पाचाच खर्च. परदेशी पैशाच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली हे खरं. पण तिथेही शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. हीच गोष्ट अर्जात एका वाक्यात लिहा: समन्वयक महिन्यातले किती दिवस मुलांमध्ये असते आणि किती दिवस कार्यालयात. मग पगार लपवायची गरजच उरत नाही.

उलट ज्याला आपण हक्काचा खर्च समजतो, तोच अडचणीत आणतो. उद्घाटन, बक्षीस समारंभ, मॅरेथॉन असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर म्हणून धरता येत नाहीत, हे मंत्रालयाने २०१४ सालीच स्पष्ट केलेलं आहे. आमचे ते ४५,००० आम्ही स्वतःच्या हाताने लावलेला अडथळा होता.

नंतर मंजूर झालेला तक्ता असा होता. मुलं २०, ताई-दादा २०, समन्वयक १. समन्वयकाला महिना २२,००० प्रमाणे वर्षाचे २,६४,०००. ताई-दादांचा प्रवास, प्रत्येकी महिना ३०० रुपये, १० महिने: ६०,०००. चार प्रशिक्षण दिवस २४,०००. मुलांच्या दोन सहली, बसभाड्यासह ३०,०००. फोन, छपाई, कार्यालय १८,०००. ऑडिट १५,०००. बेरीज ४,११,०००. म्हणजे जवळजवळ आधीएवढीच मागणी. फरक एवढाच की शंभरातले चौसष्ट रुपये एका माणसाच्या पगाराला होते आणि ते आम्ही उघड लिहिले होते. खाली एक ओळ होती: एका मुलामागे वर्षाला २०,५५०. चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला ५१४ रुपये. अर्ज वाचणाऱ्या कंपनीच्या बाईंनी पेनाने त्याच ओळीखाली रेघ ओढली आणि पहिला प्रश्न विचारला, "समन्वयक सोडून गेली तर?" तीन वर्षांत आम्हाला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. विचारण्याजोगं आम्ही काही लिहिलंच नव्हतं.

नातं मध्येच तुटलं तर

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

मेंटॉरिंगचा उपयोग होतो का, याचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकेतला आहे. बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या तिथल्या जुन्या उपक्रमातली ९५९ मुलं, दीड वर्षाची पाहणी, अहवाल १९९५ चा. ज्यांना मोठा दादा किंवा ताई मिळाली, त्यांनी शाळा चुकवलेले दिवस इतरांच्या निम्म्यावर आले होते. अर्जांमध्ये हा आकडा पुष्कळ जण टाकतात. पण त्याच आकडेवारीचा २००२ साली पुन्हा अभ्यास झाला, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या, त्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीपेक्षा खाली गेलं. म्हणजे अर्धवट मेंटॉरिंग मुलाला काहीच न देण्यापेक्षा वाईट ठरू शकतं.

आम्हाला हे अभ्यास वाचून नाही कळलं. सातवीतल्या एका मुलीची ताई कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. नोव्हेंबरात तिला वेर्ण्याला नोकरी लागली. तिने आम्हाला फोन केला, आमच्यापैकी ज्याने घेतला तो विसरला, आणि त्या वर्षी जोड्यांवर लक्ष ठेवायला पगारी माणूस नव्हता. ती मुलगी तीन गुरुवार शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिली, मांडीवर दप्तर घेऊन, फाटकाकडे बघत. चौकीदाराने आम्हाला सांगितलं. चौथ्या गुरुवारी ती शाळेतच आली नाही. नंतर तिला परत आणायला आम्हाला जे कष्ट पडले ते पडलेच, पण ती पुन्हा कुठल्या ताईशी मोकळेपणाने बोलली नाही.

म्हणून अर्जात हे लिहाच: ताई-दादा किमान एक वर्षाचं लेखी वचन देतील, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं घेणार नाही किंवा घेतली तर बदली माणूस आधीपासून ओळखीचा करून ठेवू, निरोपाची भेट ठरवून होईल, आणि या सगळ्यावर नजर ठेवायला समन्वयक आहे. मग तिचा पगार हा खर्च वाटत नाही, उपक्रमाचा कणा आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. तुमच्याकडे निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले लोक, घरी असलेल्या शिकलेल्या बायका असतील तर त्यांना आधी विचारा. आमच्या अनुभवात जोड्या टिकतात त्या यांच्याच. कंपनीचे कर्मचारीही ताई-दादा होऊ शकतात, चांगलं आहे. फक्त त्यांच्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, तेव्हा तसं आमिष अर्जात दाखवू नका.

कोणतं मूल?

"गरीब व होतकरू विद्यार्थी" हे शब्द खोडा. त्यातून काहीच कळत नाही. मूल शाळेपासून का सुटतंय हे तुमच्या गावापुरतं सांगा, आणि ते सांगायला शाळेचा हजेरीपट पुरतो. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, एक दुपार स्टाफरूममध्ये बसा आणि पानं उलटा.

आम्ही आठवीचा हजेरीपट असाच उघडला होता. एका मुलाच्या रांगेत लाल "ए" सारख्याच अंतरावर दिसत होते. वर तारखा बघितल्या तर सगळे शुक्रवार. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "शुक्रारा हांव ताका बाजारांत व्हरतां." (शुक्रवारी मी त्याला बाजारात नेते.) भाजीच्या टोपल्या उतरवायला दुसरं कुणी नव्हतं. वर्गशिक्षिका त्याला आळशी समजत होती, कारण गणिताचा नवा धडा त्या वर्षी नेमका शुक्रवारी सुरू व्हायचा आणि सोमवारी तो कोऱ्या चेहऱ्याने बसायचा. त्याच्या दादाची भेट आम्ही शनिवारी ठेवली, शुक्रवारचं शाळेतलं तेवढं भरून काढायला. बाकी काही केलं नाही. अर्जात आम्ही त्याचं नाव न घेता एवढाच परिच्छेद लिहिला होता.

तुमच्या गावचा नमुना वेगळा असेल. किनाऱ्यालगत ऑक्टोबरपासून शॅक, म्हणजे पर्यटकांसाठीची हंगामी उपाहारगृहं, सुरू झाले की नववी-दहावीची मुलं गळतात. सत्तरी-डिचोलीकडे काजूच्या दिवसांत बोंडं वेचायला घरचे सगळे हात लागतात. खाणपट्ट्यात २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी थांबल्या, ट्रकवाल्या घरांची घडी विस्कटली, ती सगळ्यांची नीट बसलेली नाही. झुआरीनगरसारख्या वस्त्यांत मूल घरी एक भाषा बोलतं, रस्त्यावर दुसरी आणि वर्गात तिसरी ऐकतं.

आणि एक कारण जवळजवळ सगळीकडे आहे. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांतली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीत बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी होतं. मी वर्गावर शिकवत असताना पाचवीतल्या एका मुलीने "इव्हॅपोरेशन म्हणजे काय" हा प्रश्न कोरा सोडला होता. मी तिला विचारलं, बाष्पीभवन म्हणजे काय गं? तिने अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांपासून मिठागरापर्यंत सगळं सांगितलं. अशा मुलीला हुशार असूनही नापासाचा शिक्का बसतो आणि सातवी-आठवीत ती शाळेतून मनाने निघून जाते. तुमच्या पाचवीच्या पहिल्या चाचणीचे विज्ञान आणि समाजशास्त्राचे गुण चौथीच्या गुणांशेजारी ठेवा. ही दोन रकान्यांची तुलना कुठल्याही मोठ्या शब्दापेक्षा जास्त बोलते, आणि ती बाहेरून आलेल्या माणसाला गोव्याची गोष्ट म्हणून कळते.

इथेच तुमचं मोजमापही ठरतं. शंभर टक्के निकालाचं वचन देऊ नका. सुरुवातीची हजेरी किती होती ते लिहा, वर्षाअखेर किती व्हावी असं तुम्हाला वाटतं ते लिहा, किती जोड्या बारा महिने टिकतील ते लिहा, आणि वीसपैकी किती मुलं पुढच्या वर्गात शाळेतच असतील ते लिहा. चार आकडे पुरे. अमेरिकेतला आकडा तुमच्या गावासाठी वचन म्हणून वापरू नका. आपली मुलं वेगळी, आपल्या अडचणी वेगळ्या.

सुरक्षिततेचं पान

पुष्कळ अर्जांत हे पानच नसतं, आणि माझ्या मते तेवढ्यावर अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांचं चुकत नाही. अनोळखी मोठं माणूस लहान मुलासोबत तास-तास बसणार आहे. त्याची पोलीस पडताळणी कधी, भेट कुठे (शाळा, वाचनालय, पंचायतीचं सभागृह; कधीही ताई-दादाच्या घरी नाही), एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही, फोनवर परस्पर चॅट नाही, पालकांची लेखी संमती, आणि काही वावगं कळलं तर कुणी कुणाला कळवायचं, हे एका पानात लिहा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा अत्याचार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि गोव्याचा तर २००३ पासून स्वतःचा बाल कायदा आहे. दोन्हींचा उल्लेख करा आणि प्रत्येक ताई-दादाला प्रशिक्षणात ते समजावून सांगा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक भेटीच्या जागी भिंतीवर लावलेला असावा.

अर्जाला मुलांचे फोटो जोडू नका. "दारूड्या बापाचा मुलगा" अशी ओळख देऊन नाव छापलेला एक अर्ज मी पाहिला. गोवा लहान आहे. उद्या तो कागद कुणाच्या हाती जाईल आणि मुलाच्या कानावर काय येईल, ते आपल्या हातात राहत नाही.

कुणाचं दार, आणि कधी

कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलेलं आहे. मुंबईतल्या मोठ्या नावांना पत्रं पाठवण्याआधी आपल्या तालुक्यातली औद्योगिक वसाहत बघा: वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तिवी, होंडा. तुमचं गाव त्या कंपनीपासून किती किलोमीटरवर आहे आणि तिथले किती कामगार तुमच्या गावचे, हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. खाणग्रस्त भागात असाल तर जिल्हा खनिज निधीही आहे. त्याच्या खर्चाच्या अग्रक्रमांत शिक्षण येतं, आणि चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करता येते. ग्रामसभेचा ठराव जोडलेला असला तर तिथे उपयोग होतो.

वेळ मात्र चुकवू नका. कंपनीचा वर्षाचा आराखडा नव्या आर्थिक वर्षासाठी मंजूर होतो, तेव्हा जूनमध्ये पत्र घेऊन गेलात तर आराखडा ठरून गेलेला असतो. नोव्हेंबर ते जानेवारीत भेटा. त्यात २०२५ पासून आपल्याकडे सहावी ते दहावीचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मध्येच मेची सुट्टी येते. परगावातल्या देणगीदारांना हे ठाऊक नसतं. अर्जातलं वेळापत्रक तसं मांडा: एप्रिलमध्ये हजेरीपट आणि मुलांची निवड, मेमध्ये ताई-दादांचं प्रशिक्षण आणि पडताळणी, जूनमध्ये पहिली भेट. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आणि दिवाळीच्या सुट्टीत भेटी कशा होतील तेही लिहा. लांब सुट्टीतच जोड्या सैल पडतात.

संस्था नवीन असून तीन वर्षं भरलेली नसतील तर जुन्या संस्थेबरोबर मिळून अर्ज करा, पण दोघांचं काम आणि पैसे कागदावर वेगळे ठेवा. परदेशी निधी असेल तर ही वाटच बंद आहे: २०२० नंतर एका संस्थेने तो दुसरीला देता येत नाही.

दुसरा हप्ता अडला असेल तर

इथे तक्त्यातला खरेपणा पुन्हा कामाला येतो. पगार "मानधन" म्हणून लपवलेला असला की वर्षाअखेर ऑडिटर मानधनाच्या पावत्या मागतो आणि त्या नसतात. पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र अडतं, ते अडलं की हप्ता अडतो, हप्ता अडला की समन्वयक दोन महिने बिनपगारी राहते आणि तिसऱ्या महिन्यात सोडून जाते. पायऱ्यांवर बसलेली मुलगी तिथूनच तयार होते. तेव्हा अनुदानासाठी शक्य असल्यास वेगळं बँक खातं, समन्वयकाचं नेमणूकपत्र पहिला हप्ता येण्याआधी, पगार बँकेतूनच, आणि तक्त्यातल्या एका शीर्षाचे पैसे दुसऱ्यावर वापरायची वेळ आली तर आधी लेखी परवानगी. देणारे सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता केलं की मात्र दुसऱ्या वर्षी दार बंद होतं.

एवढं करूनही नकार आला तर आठवडाभराने फोन करा आणि एकच विचारा: "तक्त्यातली कोणती ओळ पटली नाही?" "का नाकारलं" असं विचारलं की गोड उत्तर येतं. ओळ विचारली की माणूस अर्ज पुढ्यात घेऊन बोलतो. आम्हाला अशा एका फोनवर कळलं होतं की प्रवासखर्चाचा हिशेब त्यांना पटला नव्हता, कारण कदंबाची (आपल्या सरकारी वाहतुकीची) शेवटची बस संध्याकाळी किती वाजता जाते आणि नंतर ताईला घरी जायला रिक्षाच करावी लागते, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

भेटींची नोंद ठेवायला आम्ही साधी लांब वही वापरतो. तारीख, जागा, दोघांच्या सह्या, काय केलं याच्या दोन ओळी. त्या नोव्हेंबरनंतर त्यात एक रकाना वाढवला, आणि कुठल्याही संस्थेला नमुना पाठवताना मी तो लाल पेनाने आखून देते: पुढची भेट कधी, आणि ताई येणार नसेल तर मुलाला ते कुणी सांगितलं.